मनकर्णाबाईची पांढरी

मृगाला पंधरा दिवस राहिले की मनकर्णाबाई घरातली सगळी दावी ओसरीवर काढायची आणि एकेक गाठ सोडून पुन्हा बांधायची. जनावराच्या गळ्याजवळची गाठ एका हिसक्यात सुटली पाहिजे, हा तिचा कायदा. मग रांजण. पूर्णेच्या काठचं पोहरखेड खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड वाकडं करत. गोडं पाणी नदीच्या वाळूत झिरा खणून आणायचं, आणि नदीला पूर आला की झिरा गडप. म्हणून दोन रांजण माळ्यावर, तोंडाला फडकं बांधून. गोवऱ्या माळ्यावर. मीठ वाळक्या भोपळ्यात घालून आढ्याला. चार दिवसांचं ज्वारीचं पीठ मडक्यात, आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं. या सगळ्याला आठ दिवस लागत, आणि त्या आठ दिवसांत गल्लीतून जाणारा एकही शहाणा टोमणा मारल्याशिवाय पुढं जात नसे.

"काय मनकर्णाबाई, पूर्णामायचा सांगावा आला का?"

"आला ना," ती मान वर न करता म्हणायची. "तुयंच नाव इचारत होती. म्हने, थो रिकामा कुठीसा रायते?"

तिला गाठींचं वेड उगाच नव्हतं. तिचं माहेर याच नदीवर, तीन कोस खाली. नऊ वर्षांची असताना भरदुपारी पूर आला. गोठ्यात सहा जनावरं, सहाही गाठी ओल्या होऊन दगड झालेल्या. बाप दातांनी गाठी सोडत बसला. माय पोरीला निंबावर चढवून पितळेच्या भांड्यांसाठी परत घरात गेली. निंबावरून त्या पोरीनं भिंत बसताना पाहिली. पुढं काकानं वाढवलं आणि बाराव्या वर्षी पोहरखेडच्या नत्थुजीला देऊन टाकलं. शहाण्या माणसाला असा एक पूर जन्मभर पुरतो. पोहरखेडच्या लोकांना पुरायला किती पूर लागतील, हे मात्र ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

नत्थुजीचं घर गावाच्या अगदी नदीकडच्या कडेला, अकरा घरांच्या गल्लीत शेवटचं. पण कडेला असलं तरी उंचावर. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावाच्या जागेला पांढरी. ही पांढरी म्हणजे काही देवानं ठेवलेली टेकडी नव्हे. माणसानं मातीचं घर बांधलं, पावसानं ते पाडलं, त्याच्या मातीवर नातवानं दुसरं बांधलं. असं शेकडो वर्षं पडत-बांधत गावाखाली तीन पुरुष उंचीचा ढीग झाला. आज्या-पणज्यांची घरं पायाखाली घालूनच गाव उंच झालं होतं. म्हणून पूर्णा काळीत कितीही माजली तरी पांढरीला पाय लावून परत जात असे. मनकर्णेनं पंचवीस पावसाळे तो पाय मोजला होता. पाणी जिथवर चढलं तिथं दरसाल उतारात एक गोटा रोवायची. सगळ्यात वरचा गोटा तिच्या मागच्या भिंतीपासून वीस हात खाली होता. लग्न करून आल्यावर तिला नवरा आवडला की नाही, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. जागा आवडली, हे सांगायची.

तर अशा या गावाला कापसाचं भूत लागलं.

तिकडं अमेरिकेत कोणाची तरी कोणाशी लढाई जुंपली, आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बरं, आले तर आले. माणसानं शहाण्यासारखं खावं, ल्यावं. पण पोहरखेडचे लोक! ज्यांना काल धड धोतर नेसता येत नव्हतं त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. एकानं तर बंडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली आणि ती चिखलात रुतून वाकली, तेव्हा ती वाकलेली धाव दाखवायला माणसं गोळा केली. ज्वारी पेरणं कमीपणाचं झालं. धान्याची पेवं रिकामी पडली आणि त्यांत कुत्री व्यायला लागली. चावडीच्या ओट्यावर सगळे बसून मुंबईच्या भावाचं बोलत; ज्यांनी परतवाड्यापलीकडं पाऊल टाकलं नव्हतं ते विलायतेच्या गिरण्यांना अक्कल शिकवत. आणि या सगळ्यांचा मेरुमणी भगवंतराव पाटील. वय पस्तीस, मिशी पन्नाशीची. त्याला माडी बांधायची होती. पूर्णेच्या काठी कोणाची नाही अशी दोन मजली.

माडीला माती लागते, आणि भिंतीला पांढरीची माती चांगली. दूरच्या बरडावरून आणायची तर बंड्यांच्या खेपा. ती कशाला आणता? गावाखाली ढीग आहेच की! फाल्गुनात होळीची राख थंड झाली आणि पाटलाच्या माणसांनी पांढरीच्या नदीकडच्या उतारावर कुदळ घातली. पाटलानं घातली म्हटल्यावर बाकीच्यांनाही आठवलं, की पांढरीची माती कापसाला खत म्हणून फार चांगली. मग बंड्यांची रांग लागली. बापजाद्यांनी जी माती शेकडो वर्षं भिंती पाडून पाडून जमवली, ती या नातवांनी कापसाचं एक बोंड वाढावं म्हणून काळीत नेऊन पसरली. आठ दिवसांत मनकर्णेचे खालचे चार गोटे गेले.

ती थेट पाटलाच्या ओट्यावर गेली. ओटा भरलेला. नत्थुजीही तिथंच कडेला बसलेला. बायकोला पाहून त्यानं तंबाखू मळायला सुरुवात केली.

"ये मोठीमाय," पाटील म्हणाला; गावनात्यानं ती त्याची चुलती लागायची. "बस. काय काम काढलं?"

"बसाले नाई आली. खनाचं बंद कर भगवंता."

"काहून?"

"काहून म्हन्जे? तू गावाची भिंत खनून राहिला. पानी उद्या त्याच खाचेतून येईन."

"कोनतं पानी? इथं प्यायले पानी नाई अन् तू बुडून मराच्या गोष्टी करून राहिली!" ओटा हसला. पाटलाला ओटा हसला की जोर चढायचा. "माया बापानं पाहिलं नाई, माया आज्यानं पाहिलं नाई. पांढरीवर कधी पानी चढलं का?"

"नाई चढलं. तुया आज्यानं पांढरी खनली नाई म्हनून नाई चढलं."

"मोठीमाय, तुयं अन् पूर्णामायचं काही सोयरपन दिसते. दरसाल तुलेच पत्र येते."

"हाव, सोयरपन हाये," मनकर्णा म्हणाली. "माय-बाप दिले हायेत तिच्या घरी. तू काय दिलं?"

ओटा जरा गप झाला. पण गप होणं आणि समजणं यांत पोहरखेडात फार अंतर होतं. कोणी तरी खाकरलं, कोणी तरी कापसाच्या गाठींचं बोलणं काढलं आणि गाडी पुन्हा मुंबईला गेली. घरी आल्यावर नत्थुजी म्हणाला, "चारचौघांत असं बोलत असतेत का? मले कसं वाटलं असंन?"

"तुमाले काई वाटलं? बरं झालं. मले वाटे, तुमाले काई वाटतच नाई."

बोलून भागत नाही म्हटल्यावर मनकर्णेनं दुसरा उपाय काढला, आणि तो असा होता की पाटलाच्या सात पिढ्यांत कोणाला सुचला नसता. गावातल्या बायकांची गोदरी, म्हणजे पहाटे बाहेरला जायची जागा, नाल्यापलीकडं होती. काट्यांतून, अंधारातून, पदर सावरत जायचं. मनकर्णेनं शेजारच्या तानुबाईला सांगितलं, "उद्यापासून नाल्यापलीकडं जाऊ नोको. पाटलानं आपल्यासाठी घराजवळ खड्डा केला हाये, आडोसा हाये, त्याचं पुन्य वाया काहून घालवाचं?"

तानुबाई आधी तोंडावर पदर घेऊन हसली. मग तिला मुद्दा कळला, आणि ती आणखी हसली. दुसऱ्या पहाटे अकरा घरच्या बायका गेल्या, तिसऱ्या पहाटे वरच्या गल्लीच्याही यायला लागल्या. आठवड्याभरात त्या खाचेत कुदळ घेऊन उतरणारा माईचा लाल गावात उरला नाही. पाटलानं कोतवालाला धाडलं. तो काठावरूनच परत आला.

"पाटील, कुदळ मी मारतो," तो म्हणाला. "पन पाय कुठी ठेवू थे तेवढं दाखवून द्या."

पाटलानं चावडीत माणसं बोलावली खरी, पण बोलणार काय? विषयाचं नाव कोण घेणार? एकेक मिशीवाला दुसऱ्याकडं पाही. कोणी म्हणालं, "बायकांले समजावून सांगाले पायजे." कोणी म्हणालं, "कोन सांगन?" आपल्या बायकोला जाऊन अमुक ठिकाणी बसू नको म्हणून सांगायचं धाडस त्या सगळ्या कापूसवाल्यांत मिळून नव्हतं. सभा पान खाऊन उठली. चैत्र गेला, अर्धा वैशाख गेला, खणणं बंद. मनकर्णेच्या भिंतीपासून तेरा हात पांढरी शिल्लक होती, आणि तेवढी पुरली असती.

मग ती पाच दिवसांसाठी तेल्हाऱ्याला धाकट्या लेकीकडं गेली. लेक बाळंत झाली होती. जायला हवंच होतं.

पाटलाला बायकांशी भांडता येत नव्हतं, पण नत्थुजीसारखा माणूस कशानं फिरतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या पुतण्याचं लग्न त्याच आठवड्यात होतं. नत्थुजीला त्यानं मांडवात पहिल्या ओळीत बसवलं, सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं लाल पागोटं बांधलं आणि म्हणाला, "नत्थुजीभाऊ, तुमच्या परसातून जराशी माती घेतली तं चालन ना? तुमी मालक, तुमी म्हनान तसं." आयुष्यात कोणी नत्थुजीला मालक म्हटलं नव्हतं. घरात तर नव्हतंच. तो फुलून म्हणाला, "हाव, घ्या ना. त्यात काय?"

मनकर्णा परतली तेव्हा नवरा ओसरीवर पागोटं घालून बसला होता. वैशाखाच्या उन्हात, घाम गळत, पण पागोटं डोक्यावर.

"हे काय डोक्शावर?"

"पागोटं. पाटलानं सोता बांधलं. साऱ्या मांडवासमोर."

"अन् हे बंड्यांचे चाकोरे कशाचे दारात?"

"थोडी माती नेली परसातून. इचारून नेली. मी हाव म्हनलं."

ती मागं गेली. परस उरलंच नव्हतं. मागच्या भिंतीपासून सात हातांवर जमीन तुटली होती आणि खाली नदीच्या बाजूला सरळ मोकळं तोंड झालं होतं, वेशीएवढं. ती काठावर उभी राहून हातानं मोजत राहिली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. सातच.

"भिंत उभी हाये ना?" नत्थुजी मागून म्हणाला. "तू तं असं करतं जसं काई पडलीच."

ती आत गेली. त्या दिवशी चूल पेटवली आणि एकच भाकरी केली, स्वतःपुरती. तीन दिवस तसंच. चौथ्या दिवशी नत्थुजी पागोटं खुंटीला टांगून स्वतः पीठ मळायला बसला, तेव्हा तिनं त्याच्या हातून परात ओढून घेतली. पीठ वाया जाऊ नये एवढ्याचसाठी.

घर वाचत नाही, हे तिला आता कळून चुकलं होतं. पण गल्लीतली माणसं आणि जनावरं वाचवायची, यात कोणाची परवानगी लागणार नव्हती. तिनं अकरा घरांतल्या बायका धरल्या. दावी मागवली. सरकती गाठ एकेकीकडून वीस-वीस वेळा बांधून घेतली, डोळे मिटून घेतली, पाण्यात हात बुडवून घेतली. ज्यांच्याकडं चार दाणे ज्वारी होती त्यांची ज्वारी बोचक्यांत बांधून मारुतीच्या देवळात नेऊन ठेवली. देऊळ पांढरीच्या माथ्यावर. गुरव आडवा आला.

"बाई, हे देवाचं ठिकान हाये. वखार नोहे."

"मारुतीले मी सांगतो, तू बाजूले हो. त्यानं पहाड उचलला, त्याले चार बोचके जड होतेत का?"

वरच्या गल्लीतल्या बायकांनाही ती सांगायला गेली. तिथल्या बऱ्याच जणींना नवऱ्यांनी दम दिला होता. गोदरीची गोष्ट त्यांना झोंबली होती. पाटलाच्या नव्या गोठ्यात तर गड्यानं तिला आतही येऊ दिलं नाही. तिनं बाहेरूनच पाहिलं, बैलांच्या गळ्यात सुताची रंगीत दावी होती आणि गाठीवर गोंडा.

"गाठ पाहा थे, गोंडा नोको पाहू," ती गड्याला म्हणाली. गडी हसला. हसणं त्या वर्षी गावात फार स्वस्त झालं होतं.

श्रावण लागला. पाटलाची माडी उभी झाली, चुना लागला. गावात पाऊस बेताचाच होता. ओट्यावरचे पंडित मान हलवून सांगत की यंदा कापसाला अगदी मापात पडून राहिलं. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले असतील. सकाळी मनकर्णा आणि तानुबाई झिऱ्यावर पाण्याला गेल्या. ऊन पडलेलं, आभाळात नुसते पांढरे पुंजके. तानुबाईनं घागर भरली आणि मनकर्णेनं तिचा हात धरला.

"थांब. हे पाहा."

झिऱ्याशेजारच्या धारेवर पानं वाहत होती. हिरवी, मोठी, टवटवीत पानं, काडीसकट तुटलेली. सागाची. पोहरखेडच्या दहा कोसांत साग नव्हता; साग वर मेळघाटच्या डोंगरात. झिऱ्याच्या कडेला तांबूस फेस लागायला लागला होता.

"डोंगरात फुटलं," मनकर्णा म्हणाली. "घागर फेक. पय."

तानुबाईनं जन्मात घागर फेकली नव्हती. त्या दिवशी फेकली आणि पळत सुटली.

मनकर्णा उतारावरून वर पळत आली, दोन्ही गल्ल्यांत ओरडत गेली, ओट्यापुढं उभी राहिली. "पानी येऊन राहिलं! ढोरं सोडा!"

पाटलानं आधी आभाळाकडं पाहिलं. ओट्यानंही पाहिलं. ऊन लख्ख होतं. "मोठीमाय," तो म्हणाला, "ऊन डोक्यात गेलं का?"

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. तिच्या गल्लीत तोवर अकरा गोठ्यांच्या अकरा गाठी एका हिसक्यात सुटल्या होत्या. म्हाताऱ्या पाठीवर, पोरं कडेवर, पिठाची मडकी डोक्यावर. कोणी भांड्यांसाठी मागं फिरू लागली तर मनकर्णेनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो असा घातला की ती बाई पुढं कितीतरी वर्षं तो धपाटा सगळ्यांना सांगायची. सगळी गल्ली देवळाकडं निघाली तेव्हा नदी अजून पात्रातच होती. देवळापाशी पोचली तेव्हा नदी काळीत शिरली होती. आणि मग पाणी वळलं, आणि पाटलानं करून दिलेल्या वेशीतून, पंगतीला बोलावलेल्या पाहुण्यासारखं, थेट गावात आलं.

देऊळ माथ्यावर असलं तरी लहान. त्याच्या ओट्याला पाणी लागल्यावर लोक शेजारच्या माडीकडं धावले. पाटील जिन्यावर उभा राहून एकेकाला हात देऊन वर घेत होता, हेही खरंच आहे. मनकर्णाही चढली, जीव तिलाही हवा होता. वरच्या मजल्यावर दीडशे माणसं दाटून उभी होती. गवाक्षातून तिला आपलं घर दिसलं. मागची सात हात जमीन आधी गेली, ढेकूळ पाण्यात विरघळावं तशी. मग मागची भिंत आत बसली. मग धाबं खाली आलं, धूळ न उडवता, कारण उडायला कोरडं काही उरलंच नव्हतं. पंचवीस वर्षांचं घर खाली यायला एक तंबाखूची चिमूट मळायला लागते तेवढाच वेळ लागला. तिच्या शेजारी नत्थुजी उभा होता. घरातून त्यानं एकच वस्तू वाचवून आणली होती. ती त्याच्या डोक्यावर होती.

तिच्या गल्लीत चार घरं गेली. माणूस एक नाही, जनावर एक नाही. वरच्या गल्लीत सात गुरं बांधल्या जागी मेली. त्यात पाटलाची खिल्लारी जोडी, गळ्यातल्या गोंड्यांसकट.

आणि तरीही, दोन दिवसांनी पाणी ओसरायला लागलं आणि लोकांच्या जिवात जीव आला, तेव्हा या गावानं काय म्हणावं? गुरवानं सुरुवात केली. "पाटलाची माडी होती म्हनून वाचलो. नाईतं खपलो होतो सारे."

"देवमानूस," दुसरा म्हणाला.

"आपन तं शेला-नारळ देऊ. साऱ्या गावातर्फे."

"माडी नसती तं पानी नसतं," मनकर्णा कोपऱ्यातून म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जशी तीच पाणी घेऊन आली होती. एक मात्र तशी पाहत नव्हती. पाटलाची बायको पार्बताबाई. ती दोन दिवस चुलीपुढं बसून दीडशे तोंडांना भाकरी पुरवत होती, आणि ते पीठ कोणाच्या मडक्यांतलं होतं हे तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी वाट उघडी झाली. मनकर्णा कुदळ आणि टोपली घेऊन आपल्या पडक्या घरावर गेली आणि माती भरायला लागली. नत्थुजीला वाटलं, ही घर बांधायच्या तयारीला लागली. पण तिनं भरलेली टोपली उचलून खाचेच्या तोंडाशी नेऊन उपडी केली.

"अवं, हे काय करून राहिली? आपल्या भिंतीची माती हाये!"

"हाव. भिंतीचीच भिंत करून राहिली."

"अन् आपन रायचं कुठी?"

"तानुबाईच्या गोठ्यात. भादवा अजून कोरा हाये. पुन्हा पानी आलं तं उरलेलं सात घर जातीन. तवा पागोटं घेऊन कोन्या मांडवात बसान?"

तानुबाई आली. मग गल्लीतल्या बाकीच्या आल्या. पुरुष वरच्या कडेला ओळीनं उभे राहून पाहत होते, हात मागं बांधून. कोणी म्हणत होतं, मातीत गवत घालायला पाहिजे. कोणी म्हणत होतं, असं नाही, तसं टाकायला पाहिजे. टोपली कोणीच धरली नव्हती. सल्ला देऊन दमले की ते शेल्याचा रंग कोणता घ्यावा यावर बोलत.

दुपारच्या आधी पार्बताबाई खाली आली. लग्न होऊन वीस वर्षांत ती पडद्याच्या छकड्याशिवाय दाराबाहेर पडली नव्हती. आता भर उजेडात, अनवाणी, हातात टोपली.

"मामीजी, कुठून भरू?" तिनं गावनात्यातल्या चुलतसासूला विचारलं.

मनकर्णेनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पदर खोच आधी. देवळात नाई आली." आणि पार्बताबाईनं टोपली भरल्यावर, "अर्धी काहून? पाटलीन हाये म्हनून?"

पार्बताबाईनं टोपली काठोकाठ भरली.

बातमी पोचायला किती वेळ लागतो! पाटील धावतच आला. "घरात चाल. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," पार्बताबाई टोपलीखालून म्हणाली. "आपल्या माडीची माती हाये. जराशी वापस करून राहिली."

"मी गडी लावतो. तू चाल."

"गडी लावाचे तं गोठ्यामागचा ढीग आना," मनकर्णा म्हणाली. "नव्या भिंतीसाठी घातलेला. थो सारा याच खड्ड्यातला हाये, मले माईत हाये. अन् गड्यांसंगं तू बी ये भगवंता. हात देऊन लोकाले वर घेतलं ना? तोच हात."

पाटील आल्या पावली परत फिरला. वर उभ्या असलेल्यांचीही पंचाईत झाली. गावची पाटलीण डोक्यावर माती वाहते आणि आपण शेल्याचा रंग ठरवतो, हे त्यांच्या त्यांनाच दिसायला लागलं. कोतवाल आधी उतरला. मग नत्थुजी, त्यानं पागोटं काढून दगडावर ठेवलं, कुठं मळू नये अशा बेतानं. मग एकेक जण मान खाली घालून. संध्याकाळी पाटलाच्या बंड्या आल्या, तीन, ढिगाच्या मातीनं भरलेल्या, आणि चौथ्या बंडीबरोबर पाटील स्वतः. त्यानं एक टोपली उचलली, इकडंतिकडं पाहून सगळे बघतात याची खात्री केली आणि टाकली. मग दुसरीही टाकली, कारण मनकर्णा त्याच्यावरून नजर हलवत नव्हती.

पोळ्यापर्यंत खाच बुजली आणि वर छातीएवढा बांध झाला. नत्थुजीचं घर त्यात पूर्ण गेलं. चौकटीचं लाकूड आणि जात्याच्या दोन तळ्या एवढंच तानुबाईच्या गोठ्यात आलं. गावानं त्याला पाटलाचा बांध म्हणायला लगेच सुरुवात केली, आणि शेला-नारळही झालं. त्या समारंभाला मनकर्णा गेली नाही. ती बांधावर होती. तळाशी एका जागी ओल दिसत होती.

भादव्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी पुन्हा आलं. दिवसभर चढत राहिलं. या वेळी मात्र सगळं गाव बांधावर होतं, आणि दावणीला एकही जनावर नव्हतं. पाणी बांधाच्या कमरेपर्यंत आलं, तिथं तासभर घोटाळलं आणि मग बोटभर खाली सरकलं. पाटलानं हुश्श केलं, मिशीवरून हात फिरवला आणि लोकांकडं वळून म्हणाला, "आता काई भेव नाई."

"भेव नाई म्हनते!" मनकर्णा खालून ओरडली. ती गुडघाभर चिखलात, ओल आलेल्या जागी माती थापत उभी होती. "इकडं झिरपून राहिलं अन् थो भाषन देऊन राहिला. टोपली उचल भगवंता. अन् नुसती टाकू नोको, पायानं दाब. जोरानं दाब, तुया पाय झिजत नाई."